बुधवार कोंबड्याने खाल्ला

आमच्या शाळेत शास्त्रीबुवा सुपारी होते, मौलवीसाहेब खारकेची बी होते आणि मी मटकी होतो. इंग्रजीचे मास्तर शर्टाचं बटण होते, कारण इंग्रजी आपल्याकडे पिकत नाही, असं रामकिसन मास्तरांचं म्हणणं. ड्रिलमास्तर हबीबखां हरभरा होते. स्वतःला मास्तरांनी ज्वारी ठेवली होती. ते गणित शिकवत. गणित आणि ज्वारी, दोन्ही रोज लागतात आणि दोन्हींचं कुणी कौतुक करत नाही, असा त्यांचा हिशेब.

हे असं एकदम सांगितलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, तेव्हा क्रमानं सांगतो.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. जालन्याच्या हायस्कुलात मी जुग्राफिया, म्हणजे भूगोल शिकवायला लागलो होतो. शिकवणं उर्दूतून, भांडणं मराठीतून आणि मारणं दोन्ही भाषांतून, अशी वाटणी होती. शाळा एका व्यापाऱ्याच्या बंद पडलेल्या कापसाच्या गोदामात भरायची. आत बांबूच्या तट्ट्या लावून खोल्या पाडल्या होत्या. त्यामुळे आठवीत अकबर मेला की सातवीतल्या पोरांनाही कळायचं. मंठा, हसनाबाद, तीर्थपुरी, सगळीकडची पोरं खालचे वर्ग गावाकडे संपवून पुढं जालन्यालाच येत. दर वर्षी पोरं वाढत आणि गोदाम तेवढंच राही. एक वर्ग ओसरीत, एक लिंबाखाली, एक घरमालकाच्या गाडीखान्यात बैलांच्या शेजारी. एवढं करूनही हिशेब केला की एक वर्ग उरायचाच. त्याला बसायला कुठंच जागा नाही.

आमचे हेडमास्तर मीरसाहेब हैदराबादचे, अदबशीर गृहस्थ. वेळापत्रकाला ते निजामुल-औकात म्हणत आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात उर्दूत लिहीत. उर्दू उजवीकडून सुरू होते. शास्त्रीबुवांनी मराठी मास्तरांच्या सोयीसाठी त्याची नक्कल करवून घेतली. नक्कल करणाऱ्यानं चौकटी होत्या तिथंच ठेवल्या आणि आत फक्त मराठी नावं भरली. मराठी वाचणारे डावीकडून सुरू झाले, उर्दू वाचणारे उजवीकडून. पहिल्याच दिवशी पहिल्याच तासाला आठवीत चार मास्तर समोरासमोर आले आणि नववीत कुणीच गेलं नाही. चौघांनीही आपापलं बरोबर आहे हे वाचून दाखवलं. चौघांचंही बरोबर होतं.

त्या दिवशी वेळापत्रकाचं काम रामकिसन मास्तरांकडे आलं. ते म्हणाले, लिहिलं की भांडण आलं, तेव्हा लिहायचंच नाही. त्यांनी वाराला एक अशा लाकडी फळ्या केल्या, कोळशानं चौकटी आखल्या आणि चौकटीत गव्हाच्या खळीनं बिया चिकटवल्या. तास वरून खाली मोजायचे, कारण वरून खाली दोन्ही लिप्या सारख्याच चालतात. मास्तरांनी सकाळी यायचं, आपला दाणा शोधायचा आणि तो असेल त्या वर्गावर जायचं. याचा नियम त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितला होता. फळीवर दाणा आहे तिथं जायचं, दाणा नाही तिथं जायचं नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

कोण कुठलं बी यावरून आठवडाभर रुसवेफुगवे चालले. शास्त्रीबुवांना आधी कारळं दिलं होतं. "मी एवढासा?" म्हणून ते दोन दिवस बोलले नाहीत, म्हणून त्यांना सुपारी झाली.

मास्तर ठेंगणे होते. धोतरावर शेरवानी घालत, आणि शेरवानीचे चारही खिसे बियांनी भरलेले असत. ते चालू लागले की खुळखुळा चालल्यासारखा आवाज व्हायचा. पोरांना याचा फार उपयोग होई. मास्तर ओसरीच्या टोकाला असतानाच वर्ग शहाणा होऊन बसायचा.

मी नवा नवा नोकरीवर आलो तेव्हा मला वाटलं, यांना मदत करावी. मी लाल आणि निळ्या शाईनं एक वेळापत्रक करून त्यांच्यापुढं ठेवलं. मी असल्या कामात पहिल्यापासून पक्का. मास्तरांनी ते बराच वेळ पाहिलं.

"कागद लई सुंदर हाय," ते म्हणाले. "पण ह्याच्यात मौलवीसाब नमाज कधी पढतील? शास्त्रीबुवा भाकर कधी खातील? अन् हबीबखांचा राग उतरायला येळ कुठं ठिवला?"

मग त्यांनी माझी चौकशी सुरू केली. अंघोळ कधी करता? गरम पाण्यानं की गार? पोट सकाळी साफ होतं का दुपारी? जेवल्यावर डोळा लागतो का? लग्न झालंय, मग बायको कधी आणणार? मी म्हणालो, दिवाळीनंतर. त्यांनी लगेच दिवाळीनंतरच्या फळीवरून माझी मटकी पहिल्या तासातून काढली आणि तिसऱ्यात लावली. पुढं माझ्या लक्षात आलं की गावात ते कुणालाही हेच विचारतात. अमक्याचा सासरा कधी झोपतो आणि तमक्याला दुपारचा किती वाजता ठसका लागतो, सगळं त्यांना ठाऊक. न्हाव्याच्या दुकानात गेले की बसलेली माणसं दाढीच्या लांबीप्रमाणे पुढंमागं करत. लग्नाच्या पंगतीत स्वतः जेवायचं सोडून रांगा हलवत. न्हाव्यानं एकदा त्यांना हात जोडले होते.

जागा नाही हे वाक्य त्यांना सहन होत नसे. "जागा असतीच," ते म्हणत. "ती कुठंतरी बसून राह्यलेली असती. तिला उठवायचं, बस."

त्या वर्षी पावसाळ्यानंतर तालीमच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या, दफ्तरातून हुकूम आला. मीरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवला. दहावीच्या वर्गाला स्वतंत्र खोली आणि पुरे तास नसतील, तर पुढच्या साली दहावी जालन्यातून बंद होईल आणि मुलं औरंगाबादला पाठवावी लागतील. थंडीत मोहतमीमसाहेब, म्हणजे तपासणीचे बडे अधिकारी, स्वतः येऊन पाहतील. मीरसाहेबांनी कागद खाली ठेवला. जो वर्ग उरायचा तो दहावीचाच होता.

सगळे बोलत होते. रामकिसन मास्तरांचा हात खिशात होता, पण आवाज येत नव्हता.

संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठानं परत जाताना त्यांनी मला सांगितलं. ते तीर्थपुरीचे. तिथली शाळा संपल्यावर बापानं बैलगाडी करून त्यांना औरंगाबादला नातेवाइकांकडे सोडलं होतं. त्या घरात माणसं एवढी की ते बोळात झोपायचे. रात्री कुणी पाण्याला उठलं की यांच्या पायावरून जायचं. दिवाळीला घरी आले ते परत गेलेच नाहीत. मॅट्रिक झाले ते मिशा पिकायला लागल्यावर, बाहेरून बसून.

"औरंगाबादला आपली चार पोरं जातील," ते म्हणाले. "ज्यांचं घर हाय तिथं, तेवढी. बाकीची दुकानावर बसतील, न्हाईतर बैलामागं. दहावी हालू द्यायची न्हाई, जुग्राफिया."

ते आम्हाला विषयाच्या नावानं हाक मारत. मला ती हाक कधी खटकली नाही, कारण ते मला विसरत नव्हते, एवढं कळायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की दहावी पहाटे भरेल. बाकीची शाळा यायच्या आत तिचे तास उरकून घ्यायचे. यावर सगळे मास्तर एकदम आजारी पडले. मौलवीसाहेबांना फजरच्या नमाजीनंतर हकिमानं आडवं व्हायला सांगितलं होतं. इंग्रजीच्या मास्तरांना सूर्य वर आल्याशिवाय इंग्रजी आठवत नसे. हबीबखां त्या वेळी तालमीत. शास्त्रीबुवांचं तर विचारूच नका. अंघोळ, संध्या, पूजा, आणि तोवर कुणाला शिवायचं नाही.

मास्तरांनी शास्त्रीबुवांना विचारलं, अंघोळीला किती वेळ लागतो. बुवा म्हणाले, लागेल तेवढा. मास्तर म्हणाले, मग तासच अंघोळीला लावू. तुम्ही वर्गावर येऊ नका, वर्ग तुमच्याकडे येईल.

तेव्हापासून संस्कृतचा पहिला तास शास्त्रीबुवांच्या विहिरीवर भरू लागला. पोरं चार हात लांब ओळीनं बसायची. बुवा ओल्या पंच्यानं उभे राहून एकेका विभक्तीला एकेक तांब्या अंगावर घ्यायचे. पोरं त्यांच्यामागून म्हणायची. हे फार चांगलं चाललं, पण थंडी पडली तसे बुवा तिसऱ्या-चौथ्या विभक्तीलाच काकडू लागले. तांब्या ठेवायचे आणि म्हणायचे, "शेष उद्या." तो उद्या उजाडला नाही. त्या साली आमच्या पोरांच्या पहिल्या तीन विभक्ती लोखंडासारख्या पक्क्या होत्या, आणि सप्तमी कुणाला ऐकूनसुद्धा माहीत नव्हती.

पण पहाटे सगळे तास बसेनात. दहावीचे काही तास दिवसा उरलेच. त्यासाठी मास्तरांनी जे काढलं ते मी पुढं कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. ते म्हणाले, खोल्यांपेक्षा वर्ग एकानं जास्त आहे ना, मग दर तासाला एक वर्ग रस्त्यात पाहिजे. एक वर्ग चालतोय म्हणजे त्याला खोली लागत नाही. कधी दहावी चालेल, कधी आठवी.

"अन् शिकवायचं?" मी विचारलं.

"तुमचा भूगोल बसून राह्यलाय कधीपासून," ते म्हणाले. "त्याला जरा चालवा."

म्हणून मी चालता मास्तर झालो. शाळेतून निघायचं, सराफ्यातून नदीवर, नदीवरून मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कडेनं परत. पोरं दोन-दोनच्या ओळीनं. नद्यांची नावं चढावर, पर्वतांची उतारावर. पहिल्या दिवशी एका कापडवाल्यानं दुकानातून विचारलं, मास्तर, वरात कुणाची? दुसऱ्या आठवड्यात तो पोरांच्या आधी राजधान्या सांगायला लागला. आम्ही परत शाळेत शिरलो की दुसरा वर्ग बाहेर पडायचा आणि आमच्या जागा गरम मिळायच्या. थंडीत त्याची फार मौज वाटे.

सगळं असं बसत आलं होतं. मोहतमीमसाहेब येणार ही खबर होती, पण दिवस ठरलेला नव्हता. मास्तर दर मंगळवारी संध्याकाळी फळ्या घरी नेत, उखडलेले दाणे पुन्हा बसवत आणि सकाळी परत आणून टांगत. त्यांची बायको यमुनाबाई खळ शिजवून द्यायच्या. नवऱ्याच्या या उद्योगावर त्यांचं एवढंच म्हणणं होतं की घरात पेरायला बी राहिलं नाही, सगळं भिंतीला लागलं. त्या मंगळवारी बुधवारची फळी नव्यानं करायची होती. दाणे लावून झाले आणि खळ वाळायला फळी अंगणात ठेवली. मास्तर हातपाय धुवायला गेले. यमुनाबाई चुलीशी होत्या. शेजाऱ्याचा कोंबडा भिंतीवरून आत आला.

सकाळी मास्तरांनी फळी तशीच आणून टांगली. घाईत त्यांनी ती उलटी काखेत धरली होती, पाहिलीच नव्हती. आम्ही सगळे फळीपुढं जमलो.

कोंबड्यानं बुधवार खाल्ला होता. ज्वारी गेली, हरभरा गेला, तूर गेली, माझी मटकी तर पहिल्यांदा गेली असणार. जे त्याच्या चोचीला फुटलं नाही तेवढंच उरलं होतं. सुपारी, खारकेची बी आणि बटण. म्हणजे त्या दिवशी शाळेत फक्त संस्कृत, फारसी आणि इंग्रजी होतं, आणि ते तीनच मास्तर कामावर होते.

हबीबखां लिंबाखाली जाऊन आडवे झाले. मास्तरांनी त्यांना उठवायला पाहिलं, तर एक डोळा उघडून ते म्हणाले, "मास्टर, फळीपर दाना नहीं. कायदा आपकाच है ना? अपना डोकं चलाना नहीं."

तूर म्हणजे विज्ञानाचे मास्तर, तेही त्यांच्या शेजारी जाऊन पडले. मास्तर खिसे चाचपत फळीपुढं उभे होते. बिया होत्या, पण खळ नव्हती. ते मला म्हणाले, पळत घरी जाऊन खळ आणा. मी फाटकापर्यंत गेलो आणि थांबलो. एक टांगा येऊन उभा राहिला होता आणि त्यातून मोहतमीमसाहेब उतरत होते.

जाडजूड, गोरेपान गृहस्थ. डोक्यावर रुमी टोपी, हातात छडी. मीरसाहेब आतल्या खोलीत चहा आणि हारांची तयारी करायला धावले, आणि त्या गडबडीत मोहतमीमसाहेब एकटेच ओसरीत शिरून फळीपुढं येऊन उभे राहिले. तिथं रामकिसन मास्तर हातात ज्वारीचे दाणे घेऊन उभे.

"ये क्या है?"

"निजामुल-औकात, हुजूर."

साहेबांनी छडीनं सुपारी टोचून पाहिली. मग रिकाम्या चौकटी पाहिल्या. बाकी कुठाय, विचारलं. मास्तर खोटं बोलत नसत. कोंबड्यानं खाल्लं, म्हणाले.

साहेबांनी विचारलं, दहावी जमात कुठं आहे. मास्तरांनी बोट दाखवलं. त्या तासाला दहावी खोलीत बसलेली होती, पण तिच्यावर मास्तर कोण, ते फळीवर नव्हतं. साहेबांनी तेच विचारलं. या वेळी दहावीला कोण शिकवतंय?

मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांची भीती उडाली होती, कारण समोर एक रिकामी चौकट होती आणि तिच्याशेजारी एक रिकामा माणूस उभा होता. हे त्यांना पाहवत नसे. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हुजूर आधी काय शिकवत होते?"

"हिसाब," साहेब म्हणाले.

"मंग बराबर हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी चौथ्या खिशातून एक बदाम काढला, दहावीच्या चौकटीवर धरला आणि दुसऱ्या हातानं खोलीचं दार दाखवलं. "हुजूर, आपलाच तास हाय. पोरं वाट पाहून राह्यलीत."

मोहतमीमसाहेब आत का गेले हे मला अजून सांगता येत नाही. कदाचित बऱ्याच वर्षांत त्यांना कुणी तास दिला नसेल. दोन नळांनी भरणाऱ्या आणि एका नळानं रिकाम्या होणाऱ्या हौदाचं गणित त्यांनी फळ्यावर घेतलं. टोपी टेबलावर गेली. खडूनं हौद काढला. पोरं उत्तरं देत होती, साहेब चुकीच्या उत्तरावर हसत होते, बाह्या वर गेल्या होत्या. आम्ही तट्टीच्या फटीतून पाहत होतो. मास्तरांना दुसरीच काळजी होती. तास संपत आला होता.

तो संपला आणि दारात मौलवीसाहेब सातवी घेऊन उभे राहिले. मौलवीसाहेबांची नजर अधू होती. समोर उभा आहे तो नवा मास्तर असेल, असं त्यांना वाटलं.

"वक्त हो गया, जनाब."

साहेब म्हणाले, पाच मिनिटं, हौद भरत आलाय.

"पाच मिनट यहां किसी को नहीं मिलते," मौलवीसाहेब म्हणाले. "नये आए हो? निकलिए, निकलिए. बच्चे धूप में खडे हैं." आणि त्यांनी साहेबांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली.

साहेब दहावीसकट बाहेर आले. फळ्यावर हौद अर्धाच भरलेला. त्यांनी पोरांना विचारलं, आता कुठं? पोरं म्हणाली, आता आपण चालायचं, हुजूर. आणि दोन-दोनच्या ओळी करून ती चालूही लागली. साहेब ओळीच्या शेवटी, टोपी हातात, हौदाचं बोलत बोलत फाटकाबाहेर गेले. कापडवाल्यानं दुकानातून नमस्कार केला आणि नवा मास्तर कोणत्या विषयाचा म्हणून विचारलं.

इकडे मीरसाहेब हार घेऊन बाहेर आले, तर फळीपुढं कुणीच नाही. टांगेवाल्यानं सांगितलं की साहेब गेले. मीरसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी हार मांडीवर ठेवला. दहावी गेली, एवढंच म्हणाले. रामकिसन मास्तर फाटकात जाऊन रस्त्याकडे पाहत उभे राहिले, आणि त्या तासात त्यांच्या खिशातून एकदाही आवाज आला नाही.

दहावी परत आली तेव्हा साहेब घामानं निथळत होते. शेरवानीवर मोंढ्याचा फुफाटा होता. हौद नदीवर भरला होता, उत्तर बरोबर आलं होतं. मीरसाहेबांनी घाईघाईनं हार घातला आणि माफी मागायला सुरुवात केली. साहेबांनी हातानं थांबवलं. पाणी मागितलं, प्यायले. मग त्यांनी दहावीची खोली दाखवा म्हणून सांगितलं. दाखवायला कुठलीच नव्हती. मीरसाहेबांनी मान खाली घातली.

साहेब थकल्या आवाजात म्हणाले, "मीरसाब, मैं दहावी बंद करने का हुकूम लेकर आया था. अब जिस जमात का कमरा ही नहीं, उसको ताला कहां लगाऊं?"

दहावी राहिली. खोली मात्र मिळाली नाही. जाताना साहेबांनी फळीकडे बघून आपला दाणा कुठला म्हणून विचारलं, तेव्हा मास्तरांनी घरून मागवलेल्या खळीनं बदाम पक्का बसवून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बदाम जागेवर नव्हता. सगळ्यांनी हबीबखांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, असू द्या, मोहतमीमसाहेब दौऱ्यावर गेले असतील.

उन्हाळा लागताना मॅट्रिकची परीक्षा आली. परीक्षेला औरंगाबादलाच जावं लागे. पोरांना घेऊन मास्तर आणि मी जायचं ठरलं. स्टेशनावर पाहतो तर लग्नसराईची गर्दी. एकाच डब्यात कसंबसं शिरता येत होतं. पोरं घाबरली. आत माणूस शिरायला जागा नाही, असं एकजण म्हणाला, आणि ते मास्तरांनी ऐकलं.

ते डब्यात चढले. पहिल्यांदा त्यांनी एका वऱ्हाडाला विचारलं, पोरं झोपतात कधी. मग वऱ्हाडाची ट्रंक खाली गेली, ट्रंकेवर दोन पोरं बसली, वऱ्हाडातली दोन लहान मुलं दहावीच्या मांडीवर आली. एक म्हातारे गृहस्थ पाय लांब करून बसले होते. त्यांना मास्तरांनी पाय दुखतात का विचारलं, आणि ते उत्तर देईपर्यंत पाय उचलून त्याखाली एक पेटी आणि पेटीवर एक पोरगा बसवला. मला दाराशी उभं केलं. शेवटचा पोरगा बसला तेव्हा मास्तर उठून मागं सरकले, एक पाऊल, दोन पाऊल, आणि डब्याच्या बाहेर फलाटावर गेले. मागं सरकल्याशिवाय तो पोरगा बसत नव्हता.

गाडी हलली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की सगळी तिकिटं त्यांच्याच खिशात आहेत. ते गाडीबरोबर चालू लागले आणि खिडकीतून एकेक तिकीट देऊ लागले, हजेरीच्या क्रमानं, नाव घेऊन. बरोबर बियाही येत होत्या. तिकिटं संपली तेव्हा फलाट संपला होता. घाईत त्यांनी स्वतःचं तिकीटही माझ्या हातात दिलं. औरंगाबादला तिकीट तपासणाऱ्यानं पोरं दोनदा मोजली. त्याच्या नोकरीत तिकिटांपेक्षा माणसं नेहमी जास्त निघाली होती, माणसांपेक्षा तिकीट जास्त हे पहिल्यांदाच.

पोरं बरीच पास झाली. सप्तमीवर मार्क गेले. परीक्षा संपते तोच माझी बदली नांदेडला झाली, पोरांना जालन्याला उतरवून मी त्याच गाडीनं पुढं गेलो, आणि मास्तरांची पुन्हा भेट झाली नाही. त्यामुळे माझ्याजवळ शेवटचे आहेत ते त्या स्टेशनावरचे मास्तर.

गाडी फलाट सोडून थोडी पुढं गेली आणि सिग्नलला थांबली. चांगली थांबली. फलाटाचं टोक दिसत होतं. पोरं खिडकीतून ओरडू लागली, मास्तर, या, या, गाडी उभी आहे. ते सहज येऊ शकले असते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हात वर करून आम्हाला थांबवलं.

"सगळं बसलंय," ते तिथूनच म्हणाले. "आता हलवू नका."

मग ते वळून फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले. लांबलचक बाक, सगळा रिकामा. फलाटावर आता कुणी नव्हतं. एक म्हातारी तेवढी गाठोडं घेऊन दुसऱ्या टोकाकडून हळूहळू येत होती. ती अजून बरीच लांब होती. मास्तरांनी तिला पाहिलं, धोतर आवरलं आणि सरकत सरकत बाकाच्या अगदी कडेला गेले.

सिग्नल पडला.